नाशिकचा ठराव आणि फैजाबादचा कौल

1932-33 च्या कारावासात नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी प्रभृती तरुण सत्याग्रहींच्या चर्चांतून ज्या काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकारास आली, त्या पक्षाने काँग्रेसशी असलेले नाते तोडण्याचा ठराव 1948 च्या मार्चमध्ये नाशिकच्याच अधिवेशनात करावा, हा योगायोग मनाला चटका लावणारा आहे. काँग्रेसमध्ये स्वतंत्र घटना व सभासदत्व असणाऱ्या अंतर्गत पक्षास थारा नाही, असा नियम त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत झाल्यावर समाजवाद्यांपुढे दुसरा मार्गही उरला नव्हता.

तथापि त्यांची खरी चूक त्याआधीची. बेचाळीसच्या भूमिगत लढ्यात सर्वस्व पणाला लावणाऱ्या या मंडळींनी, संकुचित मताधिकारावर निवडलेल्या प्रांतिक विधिमंडळांनी घडविलेली म्हणून घटनासमितीवर 1946 मध्ये बहिष्कार घातला. आणि जमीनदारी, मालमत्तेचा हक्क, रयतेचे व कामगारांचे भवितव्य यांविषयीची कलमे जेथे शब्दाशब्दाने ठरत होती, तेथे त्यांचा आवाज उमटलाच नाही. 1947 च्या जूनमध्ये फाळणीचा ठराव काँग्रेस महासमितीपुढे आला, तेव्हाही ते तटस्थ राहिले. ज्यांच्याकडून ठाम विरोधाची अपेक्षा होती, त्यांचे ते मौन आजही सलते.

नाशिकनंतर मात्र आचार्य नरेंद्र देव यांनी जे केले, ते आपल्या सार्वजनिक जीवनात विरळाच. काँग्रेसच्या उमेदवारीवर मिळालेली जागा काँग्रेस सोडल्यावर आपल्याकडे ठेवणे अनुचित, या भावनेने त्यांनी सहकाऱ्यांसह संयुक्त प्रांताच्या विधानसभेचे राजीनामे दिले आणि फैजाबादमधून पुन्हा मतदारांचा कौल मागितला. काँग्रेसने त्यांच्यासमोर उभे केले ते बाबा राघवदासांना. पुण्यात जन्मून पूर्व उत्तर प्रदेशात लोकसेवेत आयुष्य वेचलेला हा मराठी संन्यासी व्यक्तिशः आदरणीयच होता. परंतु अयोध्येच्या त्या मतदारसंघात मुख्यमंत्री गोविंद वल्लभ पंत यांच्यासारख्या नेत्यांनी प्रचाराचा रोख वळविला तो आचार्यांच्या नास्तिकतेवर. जमीनदारी आणि शेतसारा यांचे प्रश्न मागे पडले, बौद्ध दर्शनाचा हा थोर व्यासंगी उमेदवार रामाला मानतो की नाही याचीच चर्चा झाली, आणि आचार्य पराभूत झाले.

1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत समाजवादी पक्षाला दहा टक्क्यांहून अधिक मते मिळूनही लोकसभेत जागा मिळाल्या अवघ्या 12. घटनासमितीबाबत त्यांचा निर्णय चुकला, हे मान्य केलेच पाहिजे. पण राजीनाम्यांबाबत मुळीच नाही. पक्षांतरबंदीचा कायदा या देशात 1985 मध्ये झाला. नरेंद्र देवांनी आपली जागा सोडली ती त्यापूर्वी 37 वर्षे, कोणत्याही कायद्याची सक्ती नसताना.