पोटाची बायपास झालीय? मग दुखण्याची गोळी जपून!

वजन कमी करण्यासाठी गॅस्ट्रिक बायपास करून दोन वर्षे झाली. वजन उतरले, शुगरही आटोक्यात आली. मग एक दिवस गुडघा ठणकतो आणि मेडिकलमधून नेहमीची गोळी आणली जाते. बायपास झालेल्या पोटाला हीच गोळी महागात पडू शकते.

व्रण कुठे होतो?
या शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या भागाची साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. आतड्याच्या सुरुवातीच्या भागात आम्लाचा जोर कमी करणारे रस मिसळतात; पण बायपासमध्ये अन्नाच्या वाटेतून हा भागच वगळला जातो. त्यामुळे पिशवीतले आम्ल पुढच्या नाजूक आतड्यावर पडते आणि जोडाजवळ जखम होऊ शकते. यालाच ‘मार्जिनल अल्सर’ म्हणतात. तो काही आठवड्यांत होऊ शकतो, तसाच काही वर्षांनीही.

धोका कशाने वाढतो?
■ धूम्रपान
■ आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके
■ ‘एच. पायलोरी’ जिवाणूचा संसर्ग
■ आटोक्यात नसलेला मधुमेह

काय काळजी घ्यावी?
■ शस्त्रक्रियेनंतर आम्ल कमी करणाऱ्या पँटोप्राझोल, ओमेप्राझोलसारख्या गोळ्या बहुधा किमान तीन महिने देतात. ‘आता अ‍ॅसिडिटी नाही’ म्हणून त्या मध्येच सोडू नयेत.
■ शस्त्रक्रियेआधी सोडलेली सिगारेट-विडी पुन्हा सुरू करू नये.
■ अंगदुखी, तापासाठी डॉक्टरांना विचारून साधी पॅरासिटामॉल घ्यावी. मात्र स्ट्रिपच्या मागची नावे जरूर वाचावीत. अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉलसोबत डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅसिक्लोफेनॅकही असते.
■ हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन सुरू असेल, तर ती परस्पर बंद करू नये; दोन्ही डॉक्टरांशी बोलावे.

दवाखाना कधी गाठावा?
छातीखाली, पोटाच्या वरच्या भागात जळजळ किंवा दुखणे, वारंवार मळमळ, जेवण नकोसे होणे ही लक्षणे असतील, तर तपासणी करून घ्यावी. दुर्बिणीतून व्रण दिसतो आणि बहुतेक वेळा औषधांनी बरा होतो. काळी शौच, रक्ताची उलटी किंवा अचानक असह्य पोटदुखी झाल्यास मात्र त्याच क्षणी रुग्णालयात जावे. व्रणातून रक्तस्राव होत असेल किंवा आतड्याला छिद्र पडले असेल, तर उशीर जिवावर बेतू शकतो.

दाताचा डॉक्टर असो वा हाडाचा, औषध लिहून घेण्याआधी एक वाक्य सांगायला विसरू नये : ‘माझी पोटाची बायपास झाली आहे.’