भय आणि विश्वास

भय हें माणसाच्या पाठीस जन्मापासून लागलेलें आहे. अंधाराचें भय, रोगाचें भय, लोकनिंदेचें भय, उद्यांच्या भाकरीचें भय, असे त्याचे प्रकार पुष्कळ. ‘भित्यापाठीं ब्रह्मराक्षस’ ही म्हण सर्वांच्या तोंडीं असते. पण ती ऐकून कोणाचें भय गेल्याचें ऐकिवांत नाहीं. मग धर्म ह्या बाबतींत काय करूं शकतो? ख्रिस्ती धर्माचें उत्तर एका शब्दांत सांगतां येतें. तो शब्द म्हणजे विश्वास. मराठींत हा शब्द देवघरांत चालतो, तसाच पेढीवरही चालतो. शब्दाला जागणाऱ्या माणसावरच सावकार विश्वास ठेवतो. ख्रिस्ती शिकवणींतील विश्वासाचा अर्थही ह्याच्याच जवळचा आहे. ज्यानें शब्द दिला आहे तो आपल्याला टाकणार नाहीं, ही मनाची खात्री म्हणजे विश्वास.

अशा खात्रीची कसोटी दुष्काळांत लागते. १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडच्या इतिहासांत फार भयंकर ठरला. बुलढाणा जिल्ह्याची जमीन काळी, मुख्य पिकें ज्वारी व कापूस, आणि सारी भिस्त पावसावर. पाऊस गेला कीं ज्वारी गेली, कडबा गेला, मागोमाग गुरें गेलीं, आणि मजूर घरदार सोडून वाट फुटेल तिकडे निघाला. १८९१ च्या खानेसुमारींत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारें २८ लाख ९७ हजार होती. १९०१ सालीं ती २७ लाख ५४ हजारांवर आली. दहा वर्षांत वाढ तर नाहींच, उलट १ लाख ४३ हजारांची घट. ओस पडलेलीं घरें आणि पोरकीं झालेलीं मुलें ह्या आंकड्यांमागें उभीं आहेत.

अशा पोरक्या मुलाच्या मनांत कसलें भय असतें व तें कशानें जातें, ह्याचा स्पष्ट लेखी दाखला वऱ्हाडच्या शेजारींच मिळतो. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस, जळगांव-जामोदच्या वर, सातपुडा उभा आहे. तो ओलांडून गेलें कीं पुढें नर्मदेचें खोरें लागतें. तिकडील मध्यप्रांतांत, वऱ्हाडच्या ह्या दुष्काळाआधीं तीन वर्षें, १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाई गेल्या होत्या.

रमाबाईंना भूक ऐकून ठाऊक नव्हती. ती त्यांनीं भोगली होती. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान. पुराणें सांगत हें कुटुंब तीर्थोतीर्थीं हिंडत असे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेंत दुष्काळ पडला, जवळचा पैसा संपला, दागिने व भांडीं विकलीं गेलीं. मजुरी करावी तर कुळाला बट्टा, भीक मागावी तर लाज! ह्या लोकलज्जेच्या भयापायीं सारें कुटुंब रानांत शिरलें आणि अकरा दिवस पाला व पाणी ह्यांवर राहिलें. वडील, मग आई, मग थोरली बहीण, अशीं एकामागून एक गेलीं. पुढें १८८० सालीं भाऊ श्रीनिवास आणि १८८२ सालीं पति बिपिनबिहारी मेधावी हेही वारले. पंचविशीच्या आंतच रमाबाई एका तान्ह्या मुलीसह एकट्या उरल्या.

१८८३ सालीं त्या इंग्लंडांत गेल्या, आणि २९ सप्टेंबर रोजीं वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पण बाप्तिस्मा झाला आणि भय पळालें, असें कोणी समजूं नये. त्यांची सोबतीण आनंदीबाई भगत हिनें त्याच वर्षीं तेथें आत्मघात केला. आपल्याला बळानें ख्रिस्ती करतील ह्या धास्तीनें तिचें चित्त भ्रमलें होतें, असें पंडित मॅक्समुल्लर ह्यांनीं नमूद केलें आहे. त्या धक्क्यानें रमाबाई इतक्या खचल्या कीं, मॅक्समुल्लर ह्यांच्या घरीं राहत असतां रात्रीं खोलींत कोणी सोबतीला लागे. बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षें आपल्याला धर्माचीं मतें पटलेलीं होतीं, पण त्या धर्माचा प्राण गवसला नव्हता, अशा आशयाची कबुली त्यांनीं पुढें स्वतःच दिली आहे. मत पटणें वेगळें आणि कोणावर भार टाकून स्वस्थ होणें वेगळें. दुसऱ्या गोष्टीस काळ लागतो.

१८९३ सालीं त्यांच्या शारदासदनावर धर्मांतराचा आरोप आला. सल्लागार मंडळींनीं अंग काढून घेतलें, पुष्कळ मुली घरीं नेल्या गेल्या. तो वाद आजही वाचण्यासारखा आहे. येथें पाहावयाचें इतकेंच कीं, ज्या लोकलज्जेनें एकदां घरचीं माणसें गमावलीं, तिच्यापुढें ह्या वेळीं त्या डगमगल्या नाहींत.

मध्यप्रांतांतून त्यांनीं शेंकडों मुली आणल्या. पण ह्या मुलींना त्यांचेंच भय वाटे! ही बाई आपल्याला खाऊं घालून पुष्ट करील, मग उलटें टांगून खालीं जाळ करील व अंगांतली मोमियाई काढून मुंबईस विकील, असें त्यांना कोणीं सांगितलें होतें. माणसाच्या अंगांतून काढलेल्या औषधी तेलाला मोमियाई म्हणत. ह्या समजुतीवर व्याख्यान देऊन काय उपयोग? आज जेवण मिळालें, उद्यां मिळालें, महिन्यानेंही मिळालें, जखमा धुतल्या गेल्या, आणि कोणी टांगलें नाहीं. तेव्हां ती समजूत आपोआप गळून पडली. पुण्यांत प्लेगमुळें इतक्या मुली ठेवणें अशक्य झालें, म्हणून केडगांवच्या माळावर ‘मुक्ति’ उभें राहिलें. १९०० पर्यंत तेथील संख्या हजारावर गेली. कायमचें उत्पन्न नसतां हा संसार चालला. मुलींनीं बाईंवर भार टाकला होता, आणि बाईंनीं देवावर.

२४ जुलै १९२१ रोजीं एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. रमाबाई तेव्हां हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलचें सोप्या मराठींत भाषांतर करीत होत्या. तें काम त्यांनीं सोडलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचा अंत झाला, आणि १९२४ सालीं तें बायबल मुक्तीच्याच छापखान्यांतून बाहेर पडलें.

ख्रिस्ती मत ज्याला मान्य नाहीं, त्यालाही ह्या चरित्रांतून घरच्यापुरतें एक घेतां येईल. भ्यालेल्या मुलाला ‘भिऊं नकोस’ म्हणून दुसऱ्या खोलींत निघून जाणारे वडील पुष्कळ असतात. त्याच्या उशाशीं बसावें, सकाळीं येतों म्हटलें तर सकाळीं यावें. दिलेला शब्द दहादां पाळला गेला म्हणजे अकराव्या वेळीं मूल अंधारांतही झोंपीं जातें. ख्रिस्ती भक्त आपल्या देवाविषयीं जें सांगतो, तें थोडेंफार असेंच आहे.