रूळ गेले तरी वाट राहो

एखादी गाडी बंद पडली की तिच्या रुळांखालच्या जमिनीवर चोहोंकडून नजरा वळू लागतात. पडीक जागा विकून चार पैसे सरकारजमा करावेत, हा सल्ला वरवर पाहता व्यवहाराचा वाटतो. आमच्या मते तो दूरदृष्टीचा नाही. लोहमार्गाच्या पट्ट्याचे मोल त्याच्या क्षेत्रफळात नसून अखंडतेत आहे. मधला एक तुकडा गेला की उरतात ती केवळ अरुंद वावरे. आणि तो पट्टा पुन्हा जोडावयाचा म्हटला की नवे भूसंपादन व नवे खटले पदरी येतात.

अमेरिकेने हा धडा उशिरा घेतला. १९१६ च्या सुमारास तेथील लोहमार्ग अडीच लाख मैलांवर गेले होते; पुढे मोटारींच्या स्पर्धेत त्यांतील कितीतरी ओस पडले. १९८३ साली कायद्यात दुरुस्ती झाली. आज नको असलेला मार्ग पादचाऱ्यांना व सायकलस्वारांना खुला करावा, त्याची निगा राखणाऱ्याने जबाबदारी पत्करावी, आणि उद्या गरज भासल्यास तेथे पुन्हा गाडी धावावी, अशी ती तरतूद. लगतच्या जमीनमालकांनी हरकत घेतली. १९९० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने कायदा ग्राह्य ठरविला. मात्र भरपाई मागण्याचा मार्गही मोकळा ठेवला.

तथापि प्रत्येक मार्गास एकच औषध लागू पडत नाही. कोलकात्यात बंदराच्या जुन्या रुळांवरून हुगळीच्या काठाने १९८४ साली प्रवासी गाडी धावू लागली. मँचेस्टरने १९९२ साली जुन्या उपनगरी मार्गांवर ट्राम आणली. न्यूयॉर्कमध्ये १९३४ साली उघडलेल्या उन्नत मालमार्गावरून १९८० साली शेवटची गाडी गेली. २००९ पासून तेथे उद्यान आहे. ते रम्य खरेच, परंतु भोवतालच्या जागांचे भाव असे वाढले की सामान्यांस तेथे राहणे दुरापास्त व्हावे.

म्हणून निर्णयापूर्वी साधे प्रश्न विचारावेत. दुतर्फा वस्ती किती? माणसे रोज कोठे जातात? चढउतार, पूल व फाटके यांची स्थिती काय?

आपल्या विदर्भातील शकुंतलेचेच पाहा. मूर्तिजापुराहून एकीकडे अचलपूर, दुसरीकडे यवतमाळ, असा सुमारे १९० किलोमीटरांचा अडीच फुटी मार्ग कापसासाठी घातला गेला. १९९४ साली वाफेचे इंजिन जाऊन डिझेलचे आले; पुढे गाडीच थांबली. मोलमजुरीस वा दवाखान्यात जाणाऱ्या गरिबास तेथे सुशोभित पायवाट देऊन गाडीची उणीव भरून निघणार नाही. पायवाट हवी ती पट्टा राखण्यासाठी, गाडीचा हक्क बुडविण्यासाठी नव्हे.

सरकारने बंद मार्गांची मोजणी करून ती लोकांपुढे ठेवावी आणि तोवर एक गुंठाही विकू नये. पूर्वजांनी घाम गाळून सलग केलेली भूमी आपण तुकड्यांनी गमावली, तर पुढच्या पिढीस ती कोणत्याही भावाने मिळणार नाही.