गवताच्या गाढवांची गोष्ट

मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात पुकात्जा ही अनंगू आदिवासींची दुर्गम वस्ती आहे. १९३७ साली तेथे प्रेस्बिटेरियन मिशनकेंद्र स्थापन झाले. मोटारी येण्यापूर्वी तेथील कुटुंबे गाढवांच्या पाठीवरून सामानसुमान व लेकरे नेत. त्या मुक्या सोबत्यांची आठवण ‘त्जांपी डेझर्ट वीव्हर्स’ गटातील भगिनींनी ‘तांगकी’ या २०२१ सालच्या अ‍ॅनिमेशन लघुपटात जतन केली आहे. त्जांपी म्हणजे सुके गवत. गवताच्या विणलेल्या बाहुल्या किंचित हलवून प्रत्येक वेळी छायाचित्र घेतले जाते. ती चित्रे सलग दाखविली की गाढव चालू लागते. निवेदन त्यांच्याच पित्जंत्जत्जारा भाषेत आहे. वडीलधाऱ्यांच्या पश्चात भाषा व आठवणी नातवंडांपर्यंत पोहोचाव्यात, हे या कार्याचे मोल आम्हांस वाटते. आपल्या घरातील आजीआजोबांच्या बोलीतील गोष्टीही आपण वेळीच टिपून ठेवूया.