बर्मिंगहॅम ते लंडन: एका दिवसाची सहल कशी आखावी

उमरखेडहून नांदेडला जाताना आपण आधी एसटीत चढतो, तिकीट मग कंडक्टर फाडून देतो. इंग्लंडच्या रेल्वेत ही सवय महागात पडते. तिथे त्याच अंतराचं भाडं तिकीट कधी काढलं आणि कोणत्या गाडीचं काढलं यावर दुप्पट-तिप्पट होतं. शिष्यवृत्तीवर किंवा कर्ज काढून शिकायला गेलेल्याने हे पोहोचताच समजून घ्यावं. उदाहरणासाठी बर्मिंगहॅमहून लंडनची सहल घेऊ.

पहिलं काम रेलकार्डाचं, म्हणजे सवलतीच्या कार्डाचं. 16 ते 25 वयाच्यांसाठीचं हे कार्ड वर्षाला 35 पौंडांना मिळतं आणि बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट देतं. वय 26 च्या पुढे असलं तरी पूर्णवेळ विद्यार्थ्याला ते काढता येतं.

मग तिकीट. ‘अ‍ॅडव्हान्स’ तिकीट सर्वांत स्वस्त, पण ते ठरलेल्या गाडीपुरतंच चालतं; आपल्या चुकीने ती हुकली की पैसे गेले. ‘ऑफ-पीक’ म्हणजे गर्दीची वेळ सोडून केलेला प्रवास. यात त्या वेळेतली कुठलीही गाडी चालते. माझा सल्ला असा: जाताना अ‍ॅडव्हान्स काढा, आणि परतीची वेळ नक्की नसेल तर भाव पाहून ऑफ-पीक.

इथेच अनेकजण फसतात. बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटहून लंडन यूस्टनला दोन कंपन्यांच्या गाड्या जातात. कमी थांब्यांच्या गाड्या अवंतीच्या, जास्त थांब्यांच्या आणि बहुधा स्वस्त गाड्या लंडन नॉर्थवेस्टर्नच्या. तिकिटावर एकाच कंपनीचं नाव असेल तर दुसरीच्या गाडीत ते चालत नाही. चुकीच्या तिकिटावर 100 पौंड दंड आणि वर प्रवासाचं भाडं लागू शकतं. 21 दिवसांत भरला तर दंड निम्मा होतो. तिकीट आणि रेलकार्ड दोन्ही मोबाइलमध्येच असतात, म्हणून पॉवर बँक विसरू नका. बॅटरी संपली तर तपासनिसाच्या लेखी आपण विनातिकीटच.

निघण्याच्या आदल्या रात्री गाडी पुन्हा तपासा. रविवारी रुळांची दुरुस्ती निघते आणि अर्ध्या वाटेत बसमध्ये बसवतात. 25 डिसेंबरला तर रेल्वे जवळपास पूर्ण बंद असते.

यूस्टनला उतरलात की भुयारी रेल्वेची नॉर्दर्न लाइन धरा. फाटकावर बँकेचं कार्ड टेकवून आत जायचं आणि बाहेर पडताना तेच कार्ड पुन्हा टेकवायचं. आत जाताना कार्ड आणि बाहेर पडताना फोन टेकवला तर यंत्र ते दोन अर्धवट प्रवास समजतं आणि दोन्हींचं जास्तीत जास्त भाडं कापतं. या लाइनला पुढे दोन फाटे फुटतात. आपल्याला ‘एजवेअर’ लिहिलेली गाडी हवी. ‘हाय बार्नेट’च्या गाडीत चढलात तर कॅम्डन टाउनला उतरून बदला.

चॉक फार्म स्थानकापासून थोडं चाललं की 10, किंग हेन्रीज रोड येतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये या घरात राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते 2015 मध्ये विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. उघडण्याच्या वेळा निघण्याआधीच पाहून ठेवा. लंडनमध्ये एकच जागा पाहायची असेल तर मी हीच सांगेन. पुस्तकात वाचलेला तो काळ इथे खोल्या, जिना आणि खिडक्या होऊन समोर उभा राहतो.

दुपारचं जेवण जवळच्या प्रिमरोझ हिलवर करा. दशमी आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात असेल तर चांगलेच पौंड वाचतात. टेकडीवरून अर्धं लंडन दिसतं, तेही फुकट.

मग त्याच लाइनने टॉटनहॅम कोर्ट रोडला उतरा. ब्रिटिश म्युझियम तिथून जवळ आहे आणि प्रवेश मोफत आहे. बाबासाहेब इथल्या वाचनालयात अभ्यास करत. पुढे होबर्नच्या बाजूला ग्रेज इन ही संस्था लागते, तिथूनच ते 1922 मध्ये बॅरिस्टर झाले. त्यांनी 1923 मध्ये डी.एस्सी. मिळवलेली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सही चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

डिसेंबरात सहलीला निघालात तर चारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा बाहेर पाहायचं ते आधी उरका. परतीची गाडी उशिरा आली तर तिकीट टाकून देऊ नका. बहुतेक कंपन्या 15 मिनिटांच्या उशिरापासून भरपाई देतात. मात्र तो अर्ज आपण स्वतः 28 दिवसांच्या आत करायचा असतो.