विद्युत अभियांत्रिकीत प्राध्यापकाची नेमणूक: समज आणि नियम

विद्युत अभियांत्रिकी विभागातले प्राध्यापकपद सेवाज्येष्ठतेने आपोआप चालून येते, हा सर्वांत पक्का गैरसमज. करिअर ॲडव्हान्समेंट योजनेतली, म्हणजे ‘कॅस’ची, पदोन्नती मिळते खरी, पण ती त्या व्यक्तीपुरती असते आणि तिच्या निवृत्तीनंतर पद मूळ श्रेणीत परत जाते. सरळसेवा भरती मंजूर रिक्त पदावर जाहिरात देऊन होते. तिथे विभागात वर्षानुवर्षे शिकवणाऱ्यालाही बाहेरच्यांबरोबर रांगेत उभे राहावे लागते.

नेट-सेट ही पात्रता परीक्षा हवीच, हा समज इतर विद्याशाखांकडून आलेला. अभियांत्रिकीत ती अट नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१९ च्या नियमांनुसार संबंधित शाखेतली पीएच.डी., पदवी किंवा पदव्युत्तर स्तरावर प्रथम वर्ग आणि अध्यापन, संशोधन वा उद्योगातला किमान १० वर्षांचा अनुभव लागतो. त्यातली ३ वर्षे सहयोगी प्राध्यापकाच्या समकक्ष पदावरची हवीत. उद्योगातून येणाऱ्याचा अर्ज बहुधा या ३ वर्षांपाशी अडतो.

शोधनिबंधांबाबतचा गोंधळ याहून मोठा. ‘पन्नास पेपर आहेत’ म्हणणाऱ्याची यादी छाननीत झपाट्याने आखडू शकते, कारण सहयोगी प्राध्यापक असतानाचे आणि मान्यताप्राप्त नियतकालिकांतलेच निबंध धरले जातात. विद्युत शाखेत परिषदांमधून निबंध वाचण्याची मोठी प्रथा आहे. ते या मोजणीत येत नाहीत. मान्यताप्राप्त नियतकालिकांतले ६ निबंध आणि पीएच.डी. मिळवलेले २ विद्यार्थी, किंवा नुसते १० निबंध, एवढी किमान अट आहे. ती पुरी झाली म्हणजे मुलाखतीला पात्र, निवड झाली असे नव्हे. विभागाला पॉवर सिस्टिम्स शिकवणारा हवा असेल, तर सिग्नल प्रोसेसिंगवाल्याची भरभक्कम यादीही फारशी कामाची नसते.

कुलगुरू म्हणतील तोच नेमला जातो, असेही सर्रास बोलले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत कुलगुरू निवड समितीचे अध्यक्ष असतात. सोबत कुलपतींनी नेमलेला शिक्षणतज्ज्ञ, ३ विषयतज्ज्ञ, अधिष्ठाता आणि विभागप्रमुख. गणपूर्तीला किमान ४ सदस्य लागतात, त्यांत २ बाहेरचे विषयतज्ज्ञ. तज्ज्ञांची नावे मंजूर यादीतून कुलगुरूच निवडतात, ही फट मात्र आहेच.

उद्योगातल्या नामवंताला पीएच.डी.शिवाय विद्यापीठाचे दार बंदच, हे आता खरे नाही. आयोगाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १५ वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाला ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून घेता येते. ही नेमणूक मुदतीची असते, फार तर ४ वर्षांची, आणि मंजूर पदांच्या बाहेरची; त्यामुळे मूळ रिक्त जागा तिने भरत नाही.