पेढ्यांआधी तपासणी

सोलापूरहून पुण्याकडे निघालं की महामार्गालगत चिंचोळी एमआयडीसी लागते. रसायनं, कापड, यंत्रांचे आणि वाहनांचे सुटे भाग असं बरंच काही इथं बनतं. 1992 साली स्थापन झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा कारखानाही याच वसाहतीत आहे. इंजिनाच्या झडपांची उघडमीट करणारा कॅमशाफ्ट मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजला जातो. असा माल मोटार कंपन्यांना पुरवणाऱ्या गावात ‘इनवर्ड’, ‘रिजेक्शन’ आणि ‘डेबिट नोट’ हे शब्द कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. भागावर ओरखडा दिसला तर लॉट परत येतो, आणि चूक का झाली याचा अहवाल आठ दिवसांत द्यावा लागतो.

इथलाच एखादा कारखानदार साठ-सत्तर लाखांची गाडी घ्यायला पुण्याला जातो, तेव्हा मात्र चित्र वेगळं असतं. मुहूर्त ठरलेला, घरची मंडळी सोबत. बॉनेटला हार, चाकाखाली लिंबू, पेढे, फोटो, आणि त्या गडबडीत दहा कागदांवर सह्या. घरी आल्यावर आठ-दहा दिवसांनी लक्षात येतं, की चालकाच्या सीटची शिलाई वाकडी गेली आहे, छताच्या कापडावर बोटांचे डाग आहेत, दाराच्या लाकडी पट्टीचा रंग समोरच्या पट्टीशी जुळत नाही. शोरूमला फोन केला की ठरलेलं उत्तर येतं: ‘साहेब, हे ताबा घेतल्यानंतर झालं असेल.’ अडीचशे किलोमीटरवर बसून याला काय उत्तर देणार?

गाडी महाग आहे म्हणजे ती आतून निर्दोष असणारच, हा समज आधी सोडायला हवा. आलिशान गाडीच्या आत हाताचं काम उलट जास्तच असतं: चामडं ताणून बसवणं, शिलाई, लाकूड आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, पॅनेलची जुळणी. शिवाय कारखान्यातून निघालेली गाडी ट्रेलरवर चढते, यार्डात उन्हात उभी राहते, शोरूममध्ये अनेक हातांनी पुसली जाते. दोष यातल्या कुठल्याही टप्प्यावर शिरू शकतो.

दोष कशाला म्हणायचं?

नैसर्गिक चामड्यावर जनावराच्या जुन्या जखमांचे, कीटकदंशाचे फिके व्रण असतात. तो दोष नव्हे. सीटच्या बाहेरच्या कडेला वापरानं पडणाऱ्या बारीक सुरकुत्याही स्वाभाविक आहेत. पण कोऱ्या गाडीत चामडं फुगल्यासारखं सैल असेल, टाके सुटले असतील, कडेला गोंद दिसत असेल किंवा दोन सीटच्या रंगात फरक असेल, तर तो दोषच. आरशासारख्या काळ्या चकचकीत पट्ट्यांवर, ज्यांना ‘पियानो ब्लॅक’ म्हणतात, गोल गोल बारीक ओरखडे बहुधा कोरड्या फडक्यानं धूळ पुसल्यामुळे पडतात. ते शोरूममध्येच पडलेले असतील, तर दुरुस्तीची जबाबदारी विक्रेत्याची.

पॅनेलमधली फट आणि रंगाची छटा यांचं काय? मोजपट्टीनं न मोजता येणाऱ्या दोषांसाठी कारखान्यात ‘लिमिट सॅम्पल’ ठेवतात. पुरवठादार आणि ग्राहक दोघांच्या सहीचा नमुना: इथपर्यंत चालेल, यापुढे नाही. शोरूममध्ये आपलं लिमिट सॅम्पल तयार उभं असतं, ते म्हणजे त्याच मॉडेलची दुसरी गाडी. दोन्ही गाड्यांत डॅशबोर्डची फट सारखीच असेल तर ती रचना समजावी. फक्त आपल्याच गाडीत असेल तर तो दोष. ‘सगळ्या गाड्या अशाच येतात’ या वाक्याची शहानिशा पाच मिनिटांत होते.

कसं बघायचं?

तपासणी मुहूर्ताच्या दोन दिवस आधी करावी, दिवसाउजेडी आणि शोरूमच्या दिव्यांखालून गाडी बाहेर काढून. सीटवरची, स्क्रीनवरची प्लॅस्टिकची आवरणं काढायला लावावीत. बरेच ओरखडे त्यांच्याच खाली असतात. वरून खाली यावं: छत, खांबांची आवरणं, डॅशबोर्ड, दारं, सीट, जमिनीचा गालिचा, डिकी. प्रत्येक कप्पा उघडून बंद करावा. आतल्या ॲम्बियंट दिव्यांसाठी गाडी अंधाऱ्या जागेत न्यावी, कारण तुटक प्रकाश किंवा फटीतून गळणारा उजेड उन्हात दिसत नाही. मग काचा वर करून, संगीत बंद ठेवून खडबडीत रस्त्यावर एक फेरी मारावी. कुठून खडखड येते ते मागच्या सीटवर बसून ऐकावं.

सोलापूरकरांना आणखी एक गोष्ट बघावी लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो आणि उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड साठ-सत्तर अंशांपर्यंत तापतो. गोंद कच्चा असेल तर छताचं कापड किंवा दाराचं आवरण पहिल्याच उन्हाळ्यात सुटतं. ऑक्टोबरात घेतलेल्या गाडीच्या कडा एप्रिल-मे महिन्यांत पुन्हा पाहाव्यात. वॉरंटी तेव्हा चालूच असते.

कागदही याच वेळी पाहावेत. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म 21 वर, निर्मितीचा महिना आणि वर्ष असतं. ते चॅसी क्रमांकाशी आणि बिलाशी जुळवावं, आणि किलोमीटरचा आकडाही टिपून ठेवावा. हा फालतू संशय नाही. गोव्यातल्या एका ग्राहकाला 2011 चं मॉडेल म्हणून 2009 ची, 622 किलोमीटर धावलेली आणि ओरखडे असलेली गाडी मिळाली होती. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फेब्रुवारी 2021 मध्ये न्यायालयानं गाडीच्या उत्पादकाला, म्हणजे टाटा मोटर्सला, जबाबदारीतून मोकळं केलं. उत्पादकाला माहीत असल्याचं सिद्ध झाल्याशिवाय विक्रेत्याच्या चुकीचं ओझं त्याच्यावर टाकता येणार नाही, असा त्याचा अर्थ. म्हणून तक्रार दोघांकडेही लेखी करावी, आणि कुणी काय सांगितलं हे वेगवेगळं नोंदवावं.

नोंदणीआधी की नंतर?

सगळ्यात मोठी रेषा आरटीओ नोंदणीची. त्याआधी गाडी नाकारणं, दुसरी मागणं सोपं असतं. एकदा एमएच-13 क्रमांक पडला की ती गाडी आपल्या नावावरची आणि बाजाराच्या लेखी वापरलेली. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर 13 टक्के आणि कंपनीच्या नावावर 20 टक्के कर लागतो. एवढा कर भरून झाल्यावर माघार घेणं कुणालाच परवडत नाही. तपासणी करून समाधान झाल्याशिवाय नोंदणीला पाठवू नका, असं विक्रेत्याला बुकिंगच्या वेळीच ईमेलनं कळवावं.

दोष सापडलाच, तर ताब्याच्या कागदावर स्वतःच्या अक्षरात शेरा लिहावा: कुठे, काय, किती लांब. स्टीलची पट्टी शेजारी धरून फोटो काढावा. ‘करून देऊ’ या तोंडी शब्दाऐवजी जॉब कार्डवर भाग बदलणार की दुरुस्त करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहून घ्यावं.

प्रत्येक वेळी भाग बदलणंच शहाणपणाचं असतं असं नाही. एका बारीक चऱ्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवला, तर बसवताना क्लिप तुटतात आणि आयुष्यभराची खडखड मागे लागते. सीटचं आवरण, दाराची पट्टी, सन व्हायझर हे सहज निघणारे भाग असतात, तिथे मूळ नवीन भागाचाच आग्रह धरावा. मोठा भाग उतरवावा लागणार असेल, तर जागेवर दुरुस्ती आणि त्याबरोबर वाढीव वॉरंटी किंवा किमतीत सूट मागावी. गल्लीतल्या सीटवाल्याकडे मात्र जाऊ नये. अनेक गाड्यांत सीटच्या कडेत आणि डॅशबोर्डच्या पृष्ठाखाली एअरबॅग असतात. ठरावीक जागी फाटण्यासाठी ठेवलेली शिवण वरून गोंदानं किंवा कव्हरनं बंद केली, तर अपघातात एअरबॅग नीट उघडणार नाही.

कायदा काय देतो?

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा जुलै 2020 पासून लागू आहे. गुणवत्तेतली उणीव, मग ती कराराप्रमाणे किंवा विक्रेत्याच्या दाव्याप्रमाणे अपेक्षित असलेल्या दर्जातली असली तरी, त्यात ‘दोष’ ठरते. त्यामुळे ‘गाडी चालतेय ना?’ हा युक्तिवाद पुरेसा नाही. पण अपेक्षाही मोजकी ठेवावी. सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्ये मारुतीच्या एका प्रकरणात सांगितलं, की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची हमी असते, अख्खी गाडी बदलण्याची नाही. वाकड्या शिलाईसाठी नवी गाडी मिळणार नाही. शिलाई सरळ करून मिळेल.

कारखानदारांना एक शंका असते: गाडी कंपनीच्या नावावर आहे, मग आपण ‘ग्राहक’ ठरतो का? 9 जुलै 2024 रोजी डेमलर क्रायस्लर इंडियाविरुद्धच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं याचं उत्तर दिलं. संचालकाच्या वापरासाठी घेतलेल्या मर्सिडीजच्या आत, मधल्या उंचवट्याचा भाग तापत होता. अशी खरेदी आपोआप व्यापारी हेतूची ठरत नाही, आणि लोक आलिशान गाडी गैरसोय सोसण्यासाठी घेत नाहीत, अशी भूमिका घेऊन न्यायालयानं ग्राहक कंपनीच्या बाजूनं निकाल दिला.

तक्रार कुठे करायची हे भरलेल्या किमतीवर ठरतं: 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग, 50 लाख ते 2 कोटी राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. गाडी पुण्यात घेतली असली, तरी राहण्याचं किंवा व्यवसायाचं ठिकाण सोलापूर असेल तर तक्रार इथूनच करता येते. मुदत दोन वर्षांची. 50 लाख ते 1 कोटी किमतीच्या तक्रारीला शुल्क 2,000 रुपये. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 क्रमांक लावून पाहावा; अनेक प्रकरणं आयोगापर्यंत न जाताच मिटतात.

या पाडव्याला गाडी घेणार असाल तर मुहूर्त जरूर पाळा. फक्त कारखान्यातल्या क्वालिटीवाल्याला दोन दिवस आधी सोबत घेऊन जा, आणि आपल्या मालाला ग्राहक जी कसोटी लावतो, तीच आपल्या गाडीला लावा. तपासणी पूर्ण होऊन शेरा लिहिल्याशिवाय ताब्याच्या कागदावर सही करू नका.